सिबिल एकटंच नाही गं!

बँकेत म्हणाले ‘सिबिलमध्ये काही वाईट नाही’, आणि गटाच्या लोनवाल्यांनी मात्र तुझं नाव कापलं. तू गोंधळलीस, घाबरलीस, आणि आता आटगाव-शहापूर खेटे घालून पाय दुखवून घेतेस. आधी जरा टेक बघू. हे निस्तरता येतं, आणि तुला ते नक्की जमेल.

बघ, आपल्याकडे सगळे सरसकट ‘सिबिल’ म्हणतात, पण आपल्या कर्जाचा हिशेब ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत: सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क. चौघींनाही रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे. बँका आणि फायनान्स कंपन्यांनी चौघींकडे नोंद पाठवायची, असा २०१५ पासूनचा नियम. पण कर्ज देताना कुणाचा रिपोर्ट उघडायचा, हे देणारा ठरवतो. मोठ्या बँका बहुतेक वेळा सिबिल बघतात. ओटीवर बायकांना बसवून हप्ते गोळा करणारे मायक्रोफायनान्सवाले मात्र जास्त करून हाय मार्क किंवा इक्विफॅक्स बघतात. म्हणून खिडकीवर लाजायचं नाही, सरळ विचारायचं, ‘साहेब, तुम्ही कुठल्या कंपनीचा रिपोर्ट बघितलात? नामंजूर का झालं?’ कारण विचारणं हा तुझा हक्क आहे गं.

खरं सांगू का, बायकांच्या नोंदी घोळात पडायची कारणं अगदी साधी असतात. एका कर्जाला माहेरचं आडनाव, दुसऱ्याला सासरचं. गटाचं लोन मतदान कार्डावर घेतलेलं, बँकेचं पॅनवर. मग एका ठिकाणी तुझं पान कोरं दिसतं आणि दुसऱ्या ठिकाणी फेडलेलं कर्जही चालू दिसतं.

आणखी एक गोष्ट कुणी नीट सांगत नाही. २०२२ पासून मायक्रोफायनान्सचं कर्ज देताना एकट्या तुझा नाही, अख्ख्या घराचा हिशेब होतो. घर म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत असलेल्या घरांसाठी हे कर्ज असतं, आणि घरातले सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. घरात महिन्याला २०,००० येत असतील, तर हप्ते १०,००० च्या आत. म्हणजे नवऱ्याच्या मोटारसायकलचा हप्ताही यात धरला जातो. त्यामुळे नकार आला म्हणजे तुझी पत गेली, असं मुळीच समजू नकोस.

आता कामाचं ऐक. चारही कंपन्यांनी दरवर्षी एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा नियम २०१७ पासून आहे. त्यांच्या वेबसाइटवर पैसे भरायच्या योजना आधी डोळ्यांत भरतात. तिकडे जाऊ नकोस, वर्षाचा मोफत रिपोर्ट कुठे आहे ते शोध. एजंटला पैसे द्यायचे नाहीत, ओटीपी कुणाला सांगायचा नाही. लेकीला किंवा भाचीला शेजारी बसव हवं तर, पण मोबाइल तुझ्याच हातात राहू दे. आणि आपला रिपोर्ट आपण बघितला म्हणून स्कोअर कमी होत नाही, ही भीती मनातून काढून टाक.

रिपोर्ट आला की आधी नाव, जन्मतारीख, पत्ता तपास. मग एकेक कर्ज बघ: हे खरंच मी घेतलंय का? फिटलेल्यापुढे ‘क्लोज्ड’ लिहिलंय का? थकबाकीच्या रकान्यात शून्य आहे का? प्रत्येक महिन्याखाली हप्ता किती दिवस उशिरा गेला तो आकडा असतो. ‘०००’ म्हणजे वेळेवर. कुठे ‘सेटल्ड’ दिसलं, तर थोडे पैसे भरून तडजोड केल्याची ती खूण, आणि पुढचे सावकार तिला बिचकतात. म्हणून वसुलीवाला ‘कमी भरून मिटवून टाका’ म्हणाला, तर लगेच मान डोलवू नकोस.

चूक सापडली तर त्याच कंपनीकडे ऑनलाइन तक्रार टाक, त्याला पैसे लागत नाहीत. सोबत कर्ज फिटल्याचा दाखला आणि पावत्या जोड. ३० दिवसांत निकाल लागला पाहिजे. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असा नियम एप्रिल २०२४ पासून लागू झालाय. तरीही दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. त्यासाठी कुठे जायचं, काय लिहायचं, हे १४४४८ वर विचारता येतं.

या पहिल्या खेपेला चारही रिपोर्ट एकदम मागव आणि चूक निघाली तर लगेच दुरुस्तीला टाक. पुढच्या वर्षापासून दर तीन महिन्यांनी एकेकीचा मागवलास, तर वर्षभर नजर राहते आणि खर्च शून्य. आणि हे होईपर्यंत नव्या कर्जासाठी दहा दारं ठोठावू नकोस बरं. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टमध्ये नोंदली जाते, आणि ती गर्दी बघून पुढचा आणखी सावध होतो.