उकळते तेल

सोळाव्या शतकात युरोपातील युद्धांमध्ये बंदुकीचा वापर वाढला आणि शल्यवैद्यांपुढे एक नवे संकट उभे राहिले. तलवारीची जखम त्यांच्या परिचयाची होती. गोळीची जखम मात्र खोल, फाटकी आणि काळवंडलेली असे. बंदुकीच्या दारूमुळे अशा जखमेत विष भिनते, अशी त्या काळी समजूत होती. जोव्हान्नी दा व्हिगो या इटालियन शल्यवैद्याने आपल्या ग्रंथात त्यावर उपाय सांगितला होता. एल्डर नावाच्या झाडाचे तेल उकळावे आणि ते जखमेत ओतावे! थोर वैद्याचे वचन ते; त्याविषयी शंका कोण घेणार? सैनिक वेदनेने किंचाळत. परंतु या यातनांनीच त्यांचा जीव वाचतो, असे सर्वांना वाटे.

इ. स. १५३७ च्या सुमारास फ्रान्सचे सैन्य इटलीत तुरिन शहराजवळ लढत होते. त्या सैन्यात आंब्रुआझ पारे नावाचा एक तरुण शल्यवैद्य होता. युद्ध त्याला नवीन होते. इतरांचे पाहून तोही जखमांत उकळते तेल ओतू लागला. जखमी इतके आले की तेल संपले! आता काय करावे? निरुपायाने त्याने अंड्याचा बलक, गुलाबाचे तेल आणि झाडाच्या चिकापासून मिळणारे टर्पेंटाइन यांचे मलम कालवले व ते उरलेल्या सैनिकांच्या जखमांवर लावले.

त्या रात्री पारेला झोप आली नाही. ज्यांना उकळते तेल मिळाले नाही, ते विषाने मरून पडलेले दिसतील, या भीतीने त्याचे मन व्याकूळ झाले. पहाटेच उठून तो त्यांच्याकडे गेला. पाहतो तो काय! मलम लावलेल्या सैनिकांना वेदना थोड्या होत्या, जखमा सुजल्या नव्हत्या आणि रात्री त्यांना बरीच झोपही लागली होती. उलट, तेलाने भाजलेले सैनिक तापाने फणफणत होते. त्यांच्या जखमांभोवती सूज चढली होती. गोळी लागलेल्या माणसाला पुन्हा कधीही असे भाजायचे नाही, असा निश्चय पारेने केला.

हा अनुभव त्याने १५४५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्याला लॅटिन येत नव्हते. म्हणून त्याने तो फ्रेंच भाषेत लिहिला. पुढे तो फ्रान्सच्या चार राजांचा शल्यवैद्य झाला.

जखमेला खरे भय जंतूंचे असते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. उकळत्या तेलाने निरोगी मांसही जळे आणि जखम अधिकच चिघळे. परंतु पारेच्या मलमापाशी ज्ञान थांबले नाही. घरातले खोबरेल किंवा तिळाचे तेल जंतुरहित नसते. म्हणून ताज्या जखमेवर ते लावू नये. जखम प्रथम स्वच्छ पाण्याने धुवावी. ती खोल असल्यास डॉक्टरांना दाखवावी. भाजलेल्या जागेवर तेल न लावता गार पाण्याची धार धरावी.

ग्रंथांचा आदर करावा; परंतु ग्रंथात लिहिलेले आणि डोळ्यांसमोर घडणारे यांत अंतर दिसले, तर ते नीट तपासून पाहावे. पारेने तेच केले आणि असंख्य जखमींच्या यातना वाचल्या.

स्वाध्याय

१. गोळीच्या जखमेत उकळते तेल का ओतत असत?
२. पारेला रात्री झोप का आली नाही?
३. सकाळी पारेला दोन प्रकारच्या रुग्णांत कोणता फरक दिसला?