छापत नाहीये!

चि. बाळ यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर भलताच वैतागला होतास. बावीस माणसांत एक प्रिंटर, आणि तो जरा अडला की हाक तुला. "इंजिनियर होऊन कागद ओढत बसलोय," म्हणालास. तेवढ्यात मागून कुणीतरी "अहो, छापत नाहीये!" असं ओरडलं आणि तू फोन ठेवलास. सहकारी बँकेच्या संगणक विभागात मी हीच आरोळी एकोणतीस वर्षं ऐकली, म्हणून बसून लिहिते आहे.

आरोळी ऐकल्याबरोबर प्रिंटरकडे धावू नकोस. आधी शेजारच्या टेबलावर विचार, तुमचं छापतंय का? एकाचंच अडलं असेल तर बहुधा त्याच्या संगणकात बघायचं. सगळ्यांचंच अडलं असेल तर प्रिंटरपाशी जाऊन त्याच्याच बटणांवरून त्याचं चाचणीचं पान काढ. ते स्वच्छ आलं तर यंत्र ठणठणीत आहे. भानगड वायरीत, राउटरमध्ये नाहीतर कामांच्या रांगेत. एवढ्यानेच निम्मी जागा शोधायची वाचते. तू मात्र आधी सगळं बंद करून चालू करतोस. त्याने काम पुढे सरकतं, पण ते अडलं कशाने हे कळत नाही, आणि आठवड्याने पुन्हा तेच.

आमच्या एका शाखेत प्रिंटर सोमवारी सकाळी 'ऑफलाइन' दिसायचा. तोही दर सोमवारी नाही. चालू-बंद केला की कधी लागायचा, कधी नाही. शाखाधिकारी म्हणाले, लिंबू-मिरची बांधून बघा. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुल्या मारायला लागले. दोन महिन्यांनी बघते तर सगळ्या फुल्या दुसऱ्या नाहीतर चौथ्या शनिवारनंतरच्या सोमवारी! २०१५च्या सप्टेंबरपासून ते दोन शनिवार बँका बंद असतात. राउटर प्रिंटरला जो पत्ता द्यायचा त्याची मुदत होती ४८ तास. एरवी शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ म्हणजे चाळीसेक तास, तेवढ्यात निभायचं. शुक्रवारपासून बंद राहिला की मुदत संपायची, आणि सोमवारी लवकर येणाऱ्या कुणाच्या तरी लॅपटॉपला तोच पत्ता मिळायचा. मग सगळे संगणक आपले कागद त्या लॅपटॉपच्या दारात टाकायला निघायचे. राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवला, दहा मिनिटांचं काम. तुझ्याकडे केलेलं नसेल तर आजच कर. आणि प्रिंटर एखाद्या संगणकाला यूएसबीने जोडून तिथून वाटलेला असेल, तर तो संगणकवाला रजेवर गेला की सगळं ऑफिस रजेवर. त्याच्या टेबलाकडे आधी बघ.

पिवळा दिवा मिचमिचतोय, ट्रेमध्ये कागद भरलेला आहे, तरी यंत्र कागद मागतंय, असं झालं की कागदाचा आकार तपास. आपल्याकडे ए-४, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. अमेरिकेतून आलेल्या किंवा तिकडच्या सेटिंगवर बनवलेल्या फायलीत 'लेटर' असतो, २१६ बाय २७९. पुष्कळ यंत्रं तो आकार मिळेपर्यंत हटून बसतात, आणि त्या एका कामामागे बाकी सगळ्यांची कामं तुंबतात. छापत नाही म्हटल्यावर माणूस काय करतो? पुन्हा बटण दाबतो. मग पुन्हा. तू अडथळा काढलास की एकाच पत्राच्या सात सात प्रती बाहेर पडायला लागतात. स्पूलर थांबवून रांग साफ करणं तुला येतं, त्याबद्दल सांगत नाही. फक्त साफ करण्याआधी मोठ्याने विचार, कुणाचं काही महत्त्वाचं अडकलंय का. एकदा मी न विचारता रांग पुसली आणि त्यात पेन्शनच्या यादीची चाळीस पानं गेली. ती काढणाऱ्या बाई घरी निघून गेल्या होत्या.

प्रती यायला लागल्या पण पानावर ठिपका दिसतोय, आणि तोच ठिपका खाली पुन्हा, त्याखाली पुन्हा? फूटपट्टी लाव. एका ठिपक्यापासून पुढचा ७५ मिलिमीटरवर असेल तर २४ मिलिमीटर व्यासाचा रूळ एक फेरा पूर्ण करतोय. छोट्या लेझर प्रिंटरात त्या मापाचा ड्रम सर्रास असतो. अंतर वेगळं निघालं तर रूळही वेगळा. टोनर बदलण्याआधी हे माप घे, नाहीतर रिफिलवाला खुशीत नवी कार्ट्रिज गळ्यात मारतो आणि ठिपका फ्यूजरमधला असल्यामुळे तिथेच राहतो.

आता पाठकोरे कागद. काटकसर चांगली, मीही आयुष्यभर हिशेबाच्या वह्या पाठकोऱ्यांच्याच केल्या. पण ते प्रिंटरात घालायचे तर पिना काढलेल्या हव्यात. आमच्याकडे एका लेखनिकाकडून पीन राहून गेली आणि फ्यूजरची फिल्म फाटली. त्याने ते कुणाला सांगितलं नाही, कारण आदल्याच महिन्यात कागद अडकवल्याबद्दल मी त्याला चारचौघांत झापलं होतं. मी चार दिवस ड्रायव्हर काढून घालत बसले. चूक पिनेची होती असं तेव्हा सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे माझ्या जिभेची होती. तुझ्या आवाजातही परवा तसलाच ताठा ऐकू आला, म्हणून हे लिहिलं.

कागद अडकला तर तो ज्या दिशेने चालतो त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, सावकाश ओढ. फाडलास तर नखाएवढा तुकडा आतल्या सेन्सरच्या पातीपाशी राहतो आणि यंत्र रिकामं असूनही अडकलंय म्हणत बसतं. फ्यूजरला हात लावू नकोस, तिथे दोनशेच्या आसपास तापमान असतं. कार्ट्रिज बाहेर काढून ठेवलीस तर ड्रमवर कागद झाक, त्याला उजेड सोसत नाही. शर्टावर टोनर सांडला तर झटक आणि थंड पाण्याने धू. गरम पाणी लावलंस तर ती पूड वितळून कायमची बसेल.

शिवाय तुझं ऑफिस चिपळुणात. जूनपासून कागद ओल धरतो, दोन दोन पानं एकदम ओढली जातात, कडा वळतात. लागेल तेवढंच रिम उघड, उरलेलं त्याच्याच वेष्टणात गुंडाळून ठेव. शिपाईकाकांना हे नीट समजावून सांग. ट्रे रोज तेच भरतात, तू नाही.

तुझ्या आजोबांची स्टीलची फूटपट्टी कपाटात सापडली. एका बाजूला मिलिमीटर अजून स्पष्ट आहेत. कुरियरने पाठवते आहे, प्रिंटरशेजारी खिळ्याला अडकव. वहिनीला म्हणावं, कोकमं मिळाली.

तुझी,
आत्या