बर्फ पडण्याआधी पॉलिसी उघड

पोरी, न्यू जर्सीत घर झालं, वास्तुशांत झाली, दाराला तोरण लागलं. आता ऑक्टोबर सरत आलाय. कर्ज देणाऱ्या बँकेने मागितली म्हणून घेतलेली घराच्या विम्याची पॉलिसी तू खणात टाकली असशील, हे मला न विचारताच कळतं. ती काढ, चहा टाक आणि जावईबापूंनाही शेजारी बसव. तिकडे घरमालकांची पॉलिसी बहुतेक वेळा ‘एचओ-३’ या नमुन्याची असते. तुझीही तीच असेल, असं धरून सांगते.

१. आधी हे पाठ कर: वरचं पाणी विम्याचं, जमिनीवरचं आपलं — वाऱ्याने छप्पर उघडं पडलं किंवा अचानक पाईप फुटला, तर पॉलिसी सहसा भरपाई देते. वितळलेला बर्फ अंगणातून बेसमेंटमध्ये शिरला तर मात्र नाही.

२. पुराचा विमा हवा असेल तर थंडीआधीच घे — नॅशनल फ्लड इन्शुरन्स प्रोग्रॅमची पॉलिसी सहसा ३० दिवसांनी लागू होते. बेसमेंटमधल्या सामानाला तीत फार थोडं संरक्षण आहे, म्हणून लग्नाचे अल्बम वरच्या मजल्यावर ठेव.

३. बेसमेंटमधलं पाणी उपसणारा संप पंप बंद पडणं आणि सांडपाणी उलटं येणं, या दोन्हींसाठी एजंटकडून वेगळं जोडकलम मागून घे — मूळ पॉलिसीत ते बहुधा नसतं.

४. डिसेंबरात पुण्याला याल तेव्हा हीटिंग बंद करू नका, थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटच्या खाली नको — जावईबापूंना बिल वाचवायची हौस आहे, पण घर गरम ठेवलं नाही म्हणून पाईप गोठला तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. गोठलेला पाईप सबबी ऐकत नाही.

५. निघताना पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा आणि नळ उघडून पाईप रिकामे करा — पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाईप फोडतं. घर गरम पाण्याच्या बॉयलरवर तापत असेल तर आधी प्लंबरला विचारा.

६. शेजारणीकडे किल्ली ठेव आणि दोन-तीन दिवसांनी डोकावायला सांग — अचानक फुटलेल्या पाइपाचे पैसे मिळतात, आठवडेच्या आठवडे झिरपलेल्या पाण्याचे सहसा मिळत नाहीत. लवकर दिसलेली ओल फडक्याने पुसते, उशिरा दिसलेली भिंत खाते.

७. कडाक्याच्या रात्री बाहेरच्या भिंतीकडचा नळ बारीक धारेने सोड आणि सिंकखालचं कपाट उघडं ठेव — फेब्रुवारी २०२१ च्या वादळात टेक्सासमध्ये वीज गेली, घरं गारठली आणि असंख्य घरांतले पाईप फुटले. वीज जाणं आपल्या हातात नाही, एवढं मात्र आहे.

८. मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला दाखव, राहायला आलेल्या आई-बाबांनाही — पाणी पाच मिनिटं वाहिलं तर फरशी पुसावी लागते, पाच तास वाहिलं तर उखडावी लागते.

९. पानगळ संपली की छपराच्या पन्हळी साफ करून घे आणि ॲटिकचं इन्सुलेशन तपास — छपराच्या कडेला बर्फाचा बांध बसला की मागे पाणी तुंबून छतातून उतरतं. भिजलेल्या छताचे पैसे बहुधा मिळतात, बांध फोडायचे सहसा नाही.

१०. बर्फाच्या भाराने छप्पर बसलं तर पॉलिसी आहे, पण कुंपण, अंगणातली फरसबंदी आणि पाया यांवर लक्ष तूच ठेव — गोठण्या-वितळण्याने त्यांना गेलेले तडे पॉलिसीत धरत नाहीत.

११. डिडक्टिबल आकड्यात आहे की टक्क्यांत, ते आजच बघ — घराचा विमा ४,००,००० डॉलरचा आणि डिडक्टिबल २ टक्के असेल, तर पहिले ८,००० डॉलर तुमच्या खिशातून जातात.

१२. शेजाऱ्याचं झाड तुमच्या छपरावर पडलं तर भांडायला जाऊ नकोस — सहसा आपलीच पॉलिसी कामी येते. झाड आधीच वाळलेलं दिसत असेल तर त्यांना गोडीने, पण लेखी कळवून ठेव.

१३. गाडीवर फांदी पडली तर घराची पॉलिसी शोधत बसू नका — ते नुकसान गाडीच्या विम्यातल्या ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ भागात येतं.

१४. बर्फ थांबला की फुटपाथ मोकळा कर, मीठ टाक — कुणी घसरलं तर पॉलिसीत जबाबदारीचं कलम असतं, पण मोडलेलं हाड कलमाने जुळत नाही. बर्फ किती तासांत काढायचा ते टाउनशिपच्या नियमात बघ.

१५. आत्ताच प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढून ईमेलवर ठेव — ओल्या घरात बसून काय काय होतं ते आठवत नाही.

१६. नुकसान झालंच तर आधी पाणी थांबव, मग फोटो काढ, मग तात्पुरती डागडुजी कर. फुटलेला तुकडाही नुकसान पाहायला विमा कंपनीचा ॲडजस्टर येईपर्यंत टाकू नकोस — नुकसान वाढू न देणं ही पॉलिसीची अटच आहे. घर राहण्याजोगं नसेल तर हॉटेलच्या पावत्याही जप, त्या खर्चाचं कलम असतं. पावती जपली, चिंता खपली.

पोरी, प्रत्येक कंपनीची कलमं थोडीफार वेगळी असतात, म्हणून शेवटचा शब्द तुझ्या पॉलिसीचा. या आठवड्यात एजंटला फोन कर, शंका विचार आणि उत्तरं ईमेलवर लेखी मागून घे.