व्हिनिअरवरची चकाकी का टिकत नाही?

दुकानाच्या सजावटीत व्हिनिअरचे काउंटर आणि कपाटे सर्रास दिसतात. पहिल्या वर्षी आरशासारखे असलेले पॉलिश पुढे पिवळे पडते, तडकते, पापुद्रे सोडते. दोष प्रत्येक वेळी कारागिराचाच असतो असे नाही. आम्ही कापडवाले, विटणे आणि आटणे आमच्या रोजच्या ओळखीचे. लाकडाचेही गणित तेच आहे.

पहिले कारण ऊन. दर्शनी भागातले कापड जसे घडीवर विटते, तसेच पारदर्शक वार्निशमधून आत गेलेले किरण लाकडातील लिग्निन हे द्रव्य मोडतात. वरून थर शाबूत दिसतो, पण खालची पकड सुटलेली असते.

दुसरे कारण ओल. लाकूड पावसाळ्यात फुगते, कोरड्या हवेत आकसते. जुने वार्निश मात्र कडक झालेले असते, ते लाकडाबरोबर हलत नाही. म्हणून बारीक भेगा पडतात व त्यांतून पाणी शिरते. भर पावसात मारलेले लॅकर पांढुरके होते, कारण थिनर उडताना पृष्ठभाग गार होऊन हवेतील ओल धरतो.

तिसरे कारण घाई. चकाकीसाठी थरावर थर चढवतात. आधीचा हात वाळण्यापूर्वी दुसरा मारला की आतला ओलावा अडकतो आणि जाड थर लवकर तडकतो. शिवाय चकचकीत पृष्ठभागावर मीटरपट्टीचा लहान ओरखडाही उठून दिसतो. मॅटमध्ये तो झाकला जातो.

खरा तोटा पुढेच आहे. व्हिनिअर म्हणजे बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा लाकडी पापुद्रा. दर नव्या पॉलिशला तो घासावा लागतो. जास्त घासला की खालचा प्लाय उघडा पडतो आणि सगळे कामच बदलावे लागते.

म्हणून व्यापारी बांधवांनी एवढे पाहावे : पॉलिशचे काम कोरड्या दिवसांत काढावे. प्लायच्या कडा व मागची बाजूही बंद करून घ्यावी. पातळ हात, मध्ये पुरेसा वेळ. चपड्याच्या पॉलिशवर गरम चहा, पाणी वा स्पिरिट पडू देऊ नये. उन्हाच्या बाजूला पडदा लावावा. आणि कोणते पॉलिश, किती हात, हे भावाच्या कागदावर लिहून घ्यावे. कापड घेताना आपण सूत पाहतो, नुसती खळ पाहत नाही. इथेही तोच हिशोब ठेवावा.