आधी जमीन पाहा, मग घर

बालाघाट,
चैत्र शुद्ध नवमी

चि. मेघना,

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. वर्धा रोडच्या आत एका प्लॉटवर ठेवलेलं चाळीस फुटी कंटेनरचं घर, सरकतं काचेचं दार, पुढे लाकडी ओटा. मिहानातलं तुझं ऑफिस जवळ. बेसा-बेलतरोडीकडच्या फ्लॅटच्या मानाने किंमत बरीच कमी. एजंट म्हणतो, घर उचलून नेता येतं, त्यामुळे परवानगीची भानगड नाही. तुझ्या आईने ठेवी मोडायची तयारी दाखवली आहे आणि तू विचारतेस, "मामा, इसार देऊ का?"

आत्ता देऊ नकोस. रजिस्ट्री कचेरीसमोर दस्त लिहिण्यात माझं आयुष्य गेलं. घर आवडलं म्हणून घाईने पैसे देणारी आणि मग कागद घेऊन धावाधाव करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. तुझी हौस मोडावी हा हेतू नाही. चोविसाव्या वर्षी स्वतःच्या घराचा विचार करतेस, याचा मला अभिमान वाटतो. म्हणूनच सगळं सविस्तर लिहितो.

पहिला प्रश्न घराचा नाही, जमिनीचा आहे. हे घर जिथे टेकलं आहे ती जमीन कुणाची, आणि तिथे ते ठेवण्याचा तुझा हक्क कोणत्या कागदावर आहे? आपल्या भागात फिरतं घर कुणाचं असेल तर गाडीलोहारांचं. पिढ्यान्‌पिढ्या गाडी हेच त्यांचं घर. घर स्वतःचं, पण गाडी कुठे सोडायची हे कायम दुसऱ्याच्या मर्जीवर. १९५५ साली पंडित नेहरूंनी चित्तोडगडावर त्यांना समारंभाने परत नेलं, तेव्हाही खरा प्रश्न वसण्याच्या जागेचा होता आणि कितीतरी कुटुंबांचा तो अजून सुटलेला नाही. महाराष्ट्र सरकारने भटक्या-विमुक्तांसाठी २०११ मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आणली, तिच्यातही घरासोबत कुटुंबाला जमीन देण्याची तरतूद ठेवावी लागली. अमेरिकेत तर अशा घरांच्या मोठाल्या वसाहती आहेत. घर कुटुंबाचं, खालची जागा मालकाची, तिचं भाडं महिन्याच्या महिन्याला. नावाला फिरतं घर, पण ते उचलून दुसरीकडे नेण्याचा खर्च इतका की बहुतेक घरं एकदा टेकली की हलत नाहीत. मग मालकाने जागेचं भाडं वाढवलं की ते निमूट भरायचं, नाहीतर घर तिथेच सोडून जायचं.

तुझ्या बाबतीतही तेच होईल. चाळीस फुटी डबा हलवायचा तर ट्रेलर हवा, मोठी क्रेन हवी, ट्रेलर वळेल एवढा रस्ता हवा, वरून विजेच्या तारा नकोत आणि नेऊन ठेवायला दुसरी जागा हवी. "उचलून नेता येतं" हा तुझा फायदा नाही. जमीन तुझी नसेल, तर "उचलून न्या" असं तुला सांगता येतं, एवढाच त्याचा अर्थ.

परवानगीचं म्हणशील तर एजंटचं बोलणं चूक आहे. महाराष्ट्राचा नगररचनेचा कायदा १९६६ चा. त्यात वास्तू विटांची आहे की पत्र्याची, यावर परवानगी ठरत नाही. जागेचा वापर कशासाठी होतो आणि ती जागा आराखड्यात कोणत्या झोनमध्ये येते, हे पाहिलं जातं. शहराबाहेरच्या त्या पट्ट्यात एनएमआरडीए, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे. तिथून त्या गट क्रमांकाचा झोन दाखला काढायला सांग. शेती झोन निघाला तर फोटोतलं सुंदर घर उद्याच्या नोटिशीचं धनी आहे, असं समज.

आता कागद. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर आपल्या मध्य प्रदेशची राजधानी होती, आजही दवाखाना असो की कॉलेज, आपली वाट तिकडेच जाते. पण राज्यं वेगळी झाली तशी जमिनीची दफ्तरंही वेगळी झाली. इथला खसरा आणि ऋणपुस्तिका पाहायची सवय तिथे पुरत नाही. तिथे सातबारा वाचायला शीक. वरचा भाग गाव नमुना सात, त्यात मालकी. खालचा बारा, त्यात पीकपाणी. मालकाचं नाव पाहून थांबू नकोस. भोगवटादार वर्ग एक आहे की दोन, ते पाहा. वर्ग दोनची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. मग "इतर अधिकार" हा रकाना सावकाश वाच. बँकेचा बोजा, कुळाचा हक्क, कोर्टाचा मनाई हुकूम, जे काही विकणारा तोंडाने सांगत नाही, ते तिथे लिहिलेलं असतं. फेरफारांचे क्रमांक टिपून घे आणि प्रत्येक फेरफाराची नक्कल काढ. एकाच सातबाऱ्यावर दहा-बारा अनोळखी नावं दिसली, तर तुला वेगळा प्लॉट मिळत नाही, अविभक्त हिस्सा मिळतो. तुझ्या नावाचा तुकडा नक्की कोणता, हे त्या कागदावरून कुणालाच दाखवता येणार नाही.

शेतजमीन म्हणून विकत असतील तर आणखी एक अडचण आहे. विदर्भाला १९५८ चा कूळकायदा लागू आहे आणि त्यात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यावर बंधन आहे. आपल्या वारासिवनीच्या शेतीच्या जोरावर तुला तिकडे जमीन घेता येईल, असं कुणी सांगितलं तर नागपूरच्या वकिलाकडून ते लेखी घे. तोंडी मतावर एक रुपया टाकू नकोस.

लेआऊटमधला प्लॉट असेल तर "आरएल, म्हणजे नियमितीकरणाचं पत्र, आहे का?" हे विचार. नागपुरात अनधिकृत लेआऊटांचं प्रकरण जुनं आहे. त्यासाठीच २००१ मध्ये गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा करावा लागला. नियमितीकरणाचं पत्र हाती नसताना, "अर्ज केला आहे, येईलच" या भरवशावर लोक वर्षानुवर्षं बसून राहतात. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे तर महारेराची नोंदणी लागते. नोंदणीशिवाय जाहिरातसुद्धा करता येत नाही. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्याला रेरा कायद्याने बंदी आहे. तुझ्याकडे निम्मी रक्कम "बुकिंग" म्हणून मागत आहेत, एवढ्यावरूनच काय ते ओळख.

आणि नोटरी. "आत्ता नोटरी करू, रजिस्ट्री नंतर" हे वाक्य माझ्या टेबलाशी बसून लोकांनी रडत सांगितलेलं आहे. शंभर रुपयांहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही, हा १८८२ पासूनचा कायदा आहे. मुखत्यारपत्र आणि करारनामा हातात असला म्हणून मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्पच्या निकालात स्पष्ट सांगितलं. नोटरीचा शिक्का सही खरी असल्याचं सांगतो, जमीन कुणाची हे सांगत नाही.

आता त्या डब्याकडे ये. टेप घेऊन जा आणि आतून मोज. साध्या कंटेनरची बाहेरची रुंदी आठ फूट आणि उंची साडेआठ. आत जेमतेम सात फूट आठ इंच रुंदी आणि सात फूट दहा इंच उंची उरते. भिंतींना आणि छताला उष्णता अडवणारा थर लावला की दोन्हीकडे आणखी काही इंच जातात. मग छताला पंखा टांगायचा कुठे? पाती डोक्यावर येतील. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि या घराची भिंत म्हणजे दोन मिलिमीटरच्या आतबाहेरचा पत्रा. आपल्या आजोळच्या घरात मातीच्या हातभर जाड भिंती आणि वर कवेलू होते, दुपारी ओसरीवर निजता यायचं. त्या डब्यात ती सोय नाही. कूलर लावायचा तर समोरच्या बाजूला हवा बाहेर जायला मोठी खिडकी हवी, नाहीतर आत फक्त दमट वाफ कोंडेल. डब्यावर वेगळं छप्पर आहे का, आणि दोहोंमध्ये हवा खेळायला जागा आहे का, तेही पाहा.

जमीन काळी आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. नुसत्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवलेल्या डब्याचा एखादा कोपरा खचला की सांगाडा पिळतो, आणि हे आधी दारात कळतं. तुझं ते सरकतं दार एका बोटाने सरकतं का, की ढकलावं लागतं? खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यात तिरपी फट दिसते का? पाया किती खोल आहे, हे खणून दाखवायला सांग.

विजेचं सर्वांत गंभीर आहे. सगळं घर लोखंडाचं, म्हणजे एक वायर सोलली गेली तर भिंतीला, दाराला, नळाला करंट उतरू शकतो. अर्थिंगचा खड्डा दाखवा म्हण. भर उन्हाळ्यात माती कोरडी पडली की अर्थिंग निकामी होतं, म्हणून परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून ते मोजून घे. गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी बोर्डात आहे की नाही, ते स्वतः बटण दाबून तपास. महावितरणचं मीटर कुणाच्या नावावर आहे, तेही विचार. शेजारच्या शेतावरून ओढलेली तार असेल तर तिथून निघून ये. डबा जुना, जहाजावरचा असेल तर दाराजवळच्या धातूच्या पट्टीवर फरशीच्या फळ्यांवर कोणतं कीटकनाशक मारलं आहे, याची नोंद असते. ती फरशी बदललेली नसेल तर तिच्यावर निजू नकोस.

पैशांचं गणित सरळ आहे. डबा जुना होतो तशी त्याची किंमत उतरते. जमिनीची सहसा चढते, समृद्धी महामार्ग आणि मेट्रो आल्यापासून त्या बाजूला तर अधिकच. घराचं कर्ज बँक देते ते गहाण ठेवता येईल अशा स्थावरावर. दुसऱ्याच्या जमिनीवरचा डबा त्यात बसणं कठीण. म्हणजे आईच्या ठेवी तू अशा वस्तूत घालणार आहेस, जी उद्या विकताना घटलेली असेल आणि जिच्यावर अडीअडचणीला कर्जही मिळणार नाही. ज्या ठेवींच्या व्याजावर तिचं औषधपाणी चालतं, त्या मोडायच्या नाहीत, हे मी मोठा भाऊ म्हणून तिलाही सांगणार आहे.

मग करायचं काय? आधी भाड्याने राहा. खापरी मेट्रोच्या आसपास, ऑफिसला सोयीची जागा बघ. कंटेनरच्याच घरात राहायची हौस असेल तर तेही भाड्याने घे आणि त्यात एक उन्हाळा, एक पावसाळा काढ. विहिरीला वैशाखात पाणी राहतं का, रात्री नऊनंतर त्या रस्त्याने एकटीने यायला कसं वाटतं, आषाढात चिखलातून गाडी निघते का, हे तुला राहून कळेल, फोटोंवरून कळणार नाही. लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी सक्तीची आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. करारात डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, भाडं कधी आणि किती टक्के वाढणार, दुरुस्ती कुणाची, नोटीस किती महिन्यांची, ही चार कलमं हवीतच. डिपॉझिट बँकेतूनच दे.

दोन-तीन वर्षांत हाताशी रक्कम जमेल. तेव्हा झोन, आरएल, वर्ग एकचा सातबारा आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट असलेला लहानसा प्लॉट स्वतःच्या नावावर रजिस्ट्रीने घे. मग त्यावर परवानगी काढून विटांचं बांध की कंटेनर ठेव, माझी ना नाही. जमीन तुझी असली की तो डबासुद्धा खरं घर होईल, आणि पुढे नको वाटला तर त्या जागी दुसरं घर उभं करता येईल.

या आठवड्यात एवढं कर: एजंटकडून गट क्रमांक, सातबारा, फेरफार आणि झोन दाखल्याच्या नकला माग. तो त्या सहज देईल तर मला पाठव, मी ओळ न ओळ वाचून कळवतो. टाळाटाळ करेल तर तुला उत्तर मिळालं असं समज. लागलं तर मी गोंदियावरून गाडी धरून येतो आणि तुझ्यासोबत तलाठ्याकडे बसतो. पण तोवर कुणी कितीही घाई केली, "आज नाही तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे" म्हणालं, तरी सही करायची नाही आणि पैसे पाठवायचे नाहीत. चांगली जागा हातची गेली तर दुसरी मिळेल, अडकलेले पैसे सोडवायला मात्र वर्षं जातात.

प्रकृतीला जप, उन्हात फिरताना डोक्याला रुमाल बांध. मामी तुझी आठवण काढते.

तुझा,
मामा