पाळणा दोघांचा

पोरींनो, बसा. आणि पोरांनो, तुम्हीही इथंच बसा. असं बोलणं निघालं की पुरुष मंडळी चहाच्या निमित्तानं बाहेर सटकतात. आज ते चालणार नाही, यातलं निम्मं तुमच्यासाठीच आहे.

आपण शिक्षक गावभर दाखलपात्र मुलांचं सर्वेक्षण करतो. कुणाच्या घरी किती लेकरं, धाकटं पहिलीला कधी येणार, सगळं तोंडपाठ. पण स्वतःच्या घरात मूल कधी हवं, दुसरं हवं की नको, यावर नवरा-बायको समोरासमोर बोललेली असतातच असं नाही. नोकरी नवी असली की म्हणतात, ‘शिक्षणसेवकाची तीन वर्षं संपू देत, मग बघू.’ चांगलं आहे, जरूर थांबा. पण थांबायचं कसं, तेही त्याच दिवशी ठरवा. ‘आम्ही काळजी घेतो’ असं मला कितीतरी जणींनी सांगितलंय. खोदून विचारलं की कळतं, तारखा मोजतात, नाहीतर तो ऐनवेळी बाजूला होतो. बायांनो, नुसत्या बाजूला होण्यावर वर्षभर विसंबलं तर शंभरातल्या वीसेक जणींना दिवस जातात. आणि तारखांचं म्हणाल, तर पाळी काही आपलं वेळापत्रक वाचून येत नाही. निवडणुकीची ड्यूटी, जागरणं, काळजी, आजारपण, कशानंही ती मागंपुढं होते.

मग धावपळ होते आणि कुणीतरी मेडिकलमधून गर्भ पाडायच्या गोळ्या आणून देतं. हे कधीही करू नका. गर्भ पिशवीतच आहे की नळीत, हे डॉक्टरांनी तपासल्याशिवाय त्या गोळ्या घेणं जिवावर बेतू शकतं. लपवायचं काही कारणही नाही. गर्भपाताचा कायदा १९७१ पासून आहे. साधन फसलं हे कारण २० आठवड्यांपर्यंत कायद्याला मान्य आहे आणि सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. मान्यता असलेल्या दवाखान्यात जा. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळी वेगळी, या गोळ्या वेगळ्या. दोन्हींची गल्लत नको.

साधनांत माझा कल तांबीकडे आहे. तांबी वर सरकते, काळजाला जाऊन लागते, असलं शिकल्या-सवरलेल्या बाईंच्या तोंडूनही ऐकलंय. ती पिशवीत बसते आणि पिशवीतून काळजाकडे वाट नाही. एक प्रकार दहा वर्षं चालतो, दुसरा पाच. मूल हवंसं वाटलं की काढून घ्यायची, पुन्हा दिवस राहू शकतात. पहिले काही महिने अंगावरून जास्त जातं, पोटात दुखतं, म्हणून आधी रक्त तपासून घ्या. बाळंतपणानंतर ४८ तासांतही ती बसवता येते. त्यासाठी नवव्या महिन्यातच डॉक्टरांना सांगून ठेवा, कळा सुरू झाल्यावर कुणाला सुचत नाही. पहाटे उठून दोन डबे भरून पहिली एसटी गाठणाऱ्या बाईला रोजची गोळी लक्षात ठेवण्यापेक्षा हे सोपं. तांबी नकोच असेल तर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतराचं इंजेक्शन आहे, छाया गोळी आहे. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा घ्यायची. अंगावर पाजणाऱ्या आईला ती चालते, माला-एन ही रोजची गोळी मात्र बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत नको. आणि पाजतेय म्हणजे दिवस जाणार नाहीत, हे तेव्हाच खरं, जेव्हा बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे, रात्रंदिवस फक्त आईच्या दुधावर आहे आणि पाळी आलेली नाही. यातलं एक जरी सुटलं तरी भरवसा नाही.

अडचण कुठं येते ठाऊक आहे? आरोग्य केंद्रातली आशाताई आपल्याच वर्गातल्या पोराची आई असते. तिच्याकडं निरोध मागायचा कसा? संकोच वाटत असेल तर शनिवारी सकाळची शाळा सुटली की तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा. पण जमलं तर तिच्याशीच बोला. बाई विचारतात हे पाहून गावातल्या चार आयांनाही धीर येतो.

दुसऱ्या मुलाबद्दल थोडंच सांगते. ते हवं असेल तर दोघांत तीनेक वर्षांचं अंतर ठेवा. १८० दिवसांची प्रसूती रजा आणि त्याला जोडून येणारी मे महिन्याची सुट्टी, असा हिशेब करून मूल आखू नका. तुमचं अंग भरून आलंय का, ते आधी बघा. पहिली मुलगी आहे म्हणून सासूबाई दुसऱ्यासाठी मागं लागल्या, तर त्यांच्याशी लेकानं बोलायचं, सुनेनं नाही. एका मुलीवर थांबलेली शिक्षक जोडपी मी पाहिली आहेत आणि मला त्यांचा अभिमान वाटतो. दोन मुली झाल्यावर मुलासाठी तिसरी खेप, हा विचारही नको. लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र २००५ च्या नियमांपासून आहे, त्यात नोकरीवर गदा येते. पण नोकरी बाजूला ठेवली तरी, घरातल्या दोन लेकींना आपण काय सांगतोय?

आता पोरांनो, तुमच्याकडं वळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर विवाहित बायकांमागं जवळजवळ पन्नास जणींचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं दिसलं, आणि नवऱ्यांचं शंभरात एकाचंही नाही. हे मला फार लागतं. आणीबाणीत मास्तरांना नसबंदीच्या ‘केसेस’ आणायला लावलं, त्या जबरदस्तीची धास्ती अजून गेलेली नाही, हे कळतं मला. पण त्याच्या कितीतरी आधी, १९२१ साली, र. धों. कर्वे या गणिताच्या प्राध्यापकानं मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्या कामापायी कॉलेजातली नोकरी सोडली. ते आपल्याच पेशातले. बाईच्या ऑपरेशनात पोट उघडावं लागतं, नाहीतर दुर्बीण आत घालावी लागते. दिवाळीच्या सुट्टीत ते उरकून आठवडाभरात चुलीपुढं उभ्या राहिलेल्या बाई मी पाहिल्या आहेत. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी जागा बधिर करून काही मिनिटांत होते, त्याच दिवशी घरी येता येतं. ताकद जात नाही, संबंधांत फरक पडत नाही. फक्त पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून खात्री करून घ्यायची. एवढंच की आता मूल नको हे दोघांचं पक्कं ठरू द्या आणि धाकटं निदान वर्षाचं होऊ द्या.

नसबंदीसाठी सरकारी नोकराला विशेष नैमित्तिक रजा असते. आपल्या शाळेत ती कशी घ्यायची ते मुख्याध्यापकांना आधी विचारा, आणि सर, अर्जात कारण ‘घरगुती काम’ असं न लिहिता जे आहे तेच लिहा.