कपाटावरचा सर्व्हर

घरगुती सर्व्हर म्हणजे दिवसरात्र चालू राहणारा, मॉनिटर-कीबोर्ड न जोडलेला एक संगणक. त्याला कामे दोन. घरातले फोटो, कागदपत्रे, अभ्यासाच्या फाइली एका जागी ठेवून घरातल्या प्रत्येक मोबाइल-लॅपटॉपला पुरवायच्या. आणि एकाच यंत्राच्या पोटात चार-सहा वेगवेगळे संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवायचे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात आणि ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत क्लाउड सेवा सुरू केली, तेव्हापासून तिथे जे भाड्याने मिळते ते मुख्यतः व्हर्च्युअल मशीन आणि साठवणच. सिस्टिम ॲडमिन, क्लाउड सपोर्ट किंवा डेव्हऑप्सकडे जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला डेटा सेंटर घरी आणता येत नाही. पण तिथल्या कामाचा गाभा, म्हणजे दुसऱ्याच्या डेटाची जबाबदारी, घरी आणता येतो. आईच्या मोबाइलमधले फोटो ज्या दिवशी त्या डब्यात जातात, त्या दिवसापासून तो खेळ राहत नाही.

पालकांची पहिली शंका खर्चाची असते, आणि ती रास्त आहे. पण सर्व्हरसाठी नवे यंत्र घेण्याची गरज नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत, म्हणून कार्यालये ते प्रोसेसर असलेली यंत्रे काढून टाकतात. लिनक्सला त्यांचे काहीच वावडे नाही. लेनोवोचे थिंकसेंटर टायनी, डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचे एलिटडेस्क मिनी ही साधारण एक लिटर आकारमानाची, जाडजूड शब्दकोशाएवढी यंत्रे सेकंडहँड बाजारात मिळतात. जमल्यास आठव्या पिढीचे घ्यावे: आय५-८५००टी या प्रोसेसरला सहा कोअर आहेत आणि त्याची मर्यादा ३५ वॉटची आहे.

मुंबईतला लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातली तपकीर गल्ली, खरेदी कुठेही झाली तरी पैसे देण्याआधी यंत्र दुकानातच चालू करून बायॉस उघडून पाहावा. कंपनीने घातलेला बायॉसचा पासवर्ड तसाच राहिला असेल, तर पेनड्राइव्हवरून नवी प्रणाली टाकणे आणि व्हर्च्युअलायझेशनची सोय चालू करणे दोन्ही अडते. दुकानदार ‘नंतर काढून देतो’ म्हणाला तर पुढच्या दुकानात जावे. अडॅप्टर मूळचाच मागावा. काही यंत्रांना अडॅप्टर ओळखता आला नाही की ती प्रोसेसरचा वेग गुपचूप खाली आणतात, आणि विद्यार्थी आठवडाभर सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसतो. वापरलेली हार्डडिस्क घ्यायचीच असेल, तर स्मार्ट अहवालातला ‘पॉवर ऑन अवर्स’ हा आकडा वाचावा. ४३,८०० म्हणजे ती डिस्क अखंड पाच वर्षे फिरलेली आहे. अशा डिस्कवर प्रयोग करावेत, लग्नाचे फोटो ठेवू नयेत.

रॅम १६ जीबी असली तरी सुरुवात होते, ३२ असली तर हात मोकळा राहतो. प्रोसेसरवर जास्त पैसे घालण्यापेक्षा ते रॅम आणि डिस्कवर घालावेत. टायनीसारख्या यंत्रात बहुधा एक एम.२ एसएसडी आणि एक अडीच इंची डिस्क एवढेच मावते. पहिलीवर प्रणाली आणि व्हर्च्युअल मशीन, दुसरीवर घरचा डेटा ही विभागणी पुरेशी आहे. साडेतीन इंची दोन-चार डिस्क हव्या असतील तर मिनी-आयटीएक्स बोर्ड आणि त्याला साजेसा कॅबिनेट घ्यावा लागतो. तो खर्च पहिल्या वर्षी करू नये.

विजेचा हिशेब कागदावर मांडला की घरातला वाद निम्मा मिटतो. बहुतांश वेळ निवांत असलेले छोटे यंत्र सरासरी १५ वॉट घेते असे धरले, तर दिवसाला ०.३६ युनिट, महिन्याला सुमारे ११ युनिट होतात. भंगाराच्या भावात मिळणारा जुना रॅक सर्व्हर मात्र १५० वॉट सहज ओढतो, म्हणजे महिन्याला १०८ युनिट. महावितरणच्या घरगुती बिलात १०० आणि ३०० युनिटनंतर दर चढतो, त्यामुळे स्वस्तातल्या त्या धुडाची किंमत दर महिन्याला मोजावी लागते. शिवाय त्याचे पंखे रात्री झोपू देत नाहीत. वाचलेले पैसे छोट्या यूपीएसवर घालावेत. वीज अचानक गेली की अर्धवट लिहिलेली फाइल बिघडू शकते. यूपीएस पाच-दहा मिनिटे देतो आणि यूएसबीने जोडलेला असेल तर सर्व्हरला शिस्तीत बंद व्हायला सांगतो.

यंत्रावर काय चालवायचे याचे सध्याचे सोपे उत्तर प्रॉक्समॉक्स व्हीई हे आहे. ही डेबियनवर बसवलेली, मुक्त परवान्याची प्रणाली २००८ मध्ये व्हिएन्नातल्या कंपनीने आणली. तिच्या मुळाशी केव्हीएम हे व्हर्च्युअल मशीन चालवणारे तंत्र आहे, जे २००७ पासून लिनक्स कर्नेलचाच भाग आहे. कार्यालयांत बरीच वर्षे व्हीएमवेअरचे राज्य होते. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये ती कंपनी घेतली, कायमस्वरूपी परवाने विकणे बंद केले, आणि अनेक ठिकाणी पर्यायांची चाचपणी सुरू झाली. विद्यार्थ्याने यातून एक गोष्ट ओळखावी: बटणे कुठे आहेत हे पाठ करण्याला फारसे मोल नाही. व्हर्च्युअल डिस्क, ब्रिज, स्नॅपशॉट या कल्पना पक्क्या असतील तर उत्पादन बदलले तरी आठवड्याभरात हात बसतो.

पहिल्या महिन्यात डेबियनचे एक साधे व्हर्च्युअल मशीन दोन जीबी रॅम देऊन उभे करावे आणि त्यावर फाइल सर्व्हर चालवावा. दुसरे मशीन विंडोज सर्व्हरचे. त्याची १८० दिवसांची चाचणी आवृत्ती मोफत मिळते. त्यावर ॲक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे कार्यालयातली खाती आणि संगणक सांभाळणारी सेवा, बसवून एक विंडोज संगणक डोमेनमध्ये आणावा, काल्पनिक कर्मचाऱ्यांची खाती काढावीत, एकाचे खाते मुद्दाम लॉक करून सोडवावे. हे काम रटाळ आहे आणि लिनक्सप्रेमी मुले ते टाळतात. पण एल-वन, म्हणजे पहिल्या पायरीच्या, सपोर्टच्या नोकरीत सकाळी येणारी तिकिटे बहुतेक याच जातीची असतात.

साठवणीचे खरे शिक्षण बिघाडातून मिळते, आणि बिघाड फुकटात घडवता येतो. एका व्हर्च्युअल मशीनला दहा-दहा जीबीच्या दोन आभासी डिस्क जोडाव्यात आणि त्यांची झेडएफएस या फाइल प्रणालीत जोडी, म्हणजे मिरर, करावी. त्यावर काही फाइली टाकाव्यात. मग चालू यंत्रातून एक डिस्क काढून घ्यावी आणि स्थिती विचारावी. पडद्यावर ‘ऑनलाइन’च्या जागी ‘डिग्रेडेड’ हा शब्द येतो, फाइली मात्र उघडत राहतात. नवी डिस्क जोडून बदलीची आज्ञा दिली की ‘रिसिल्व्हर’ सुरू होतो आणि टक्केवारी सरकताना दिसते. ही कसरत तीनदा केलेल्या मुलाचे हात खऱ्या डिस्कचा दिवा लाल झाल्यावर थरथरत नाहीत. याच बैठकीत दुसरा धडाही घ्यावा: मिररवरची एक फाइल पुसावी. ती दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, हे वाक्य वर्गात शंभरदा ऐकून जे कळत नाही ते इथे एका फाइलीत कळते.

बॅकअपचा रुळलेला नियम तीन-दोन-एक असा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर. घरगुती पातळीवर मूळ डेटा सर्व्हरवर, रोजची प्रत बाहेरच्या यूएसबी डिस्कवर, आणि दर तीन महिन्यांनी भरलेली एक डिस्क गावच्या घरी किंवा मावशीकडे. प्रत काढली एवढ्यावर समाधान मानू नये. महिन्यातून एकदा एखादे व्हर्च्युअल मशीन बॅकअपमधून दुसऱ्या नावाने परत उभे करावे आणि त्याला किती मिनिटे लागली ते लिहून ठेवावे.

सर्व्हर इंटरनेटवर उघडा टाकण्याची घाई हा या छंदातला सर्वांत धोकादायक भाग. अनेक ब्रॉडबँड कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता कित्येक ग्राहकांत वाटतात, त्यामुळे बाहेरून थेट पोहोचता येत नाही. मुले त्याला अडचण समजतात. नवशिक्यासाठी ते कुंपणच आहे. बाहेरून घरच्या फाइली हव्या असतील तर वायरगार्डवर आधारलेले खासगी नेटवर्क वापरावे आणि राउटरचे पोर्ट बंदच ठेवावेत.

हे सगळे पदवीच्या जागी चालत नाही. बीसीए, बीएस्सी आयटी, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा किंवा अभियांत्रिकी यांपैकी एक मार्ग चालू असताना हा जोडउद्योग करायचा, आणि बारावीच्या वर्षात तर सुरूच करू नये. झेडएफएस दोन वर्षे थांबू शकते, सीईटी थांबत नाही. पदवीनंतर सी-डॅकचा पीजी-डिटिस हा सुमारे सहा महिन्यांचा अभ्यासक्रम नेमका याच क्षेत्राचा, पायाभूत यंत्रणा आणि सुरक्षेचा आहे. प्रमाणपत्रांत रेड हॅटची आरएचसीएसए परीक्षा घरच्या सर्व्हरला सर्वांत जवळची. तीत पर्यायी प्रश्न नसतात. चालू यंत्रावर कामे करून दाखवावी लागतात, आणि केलेला बदल रीबूटनंतरही टिकला पाहिजे. ज्या घरात आठवड्यातून एकदा वीज जाते, तिथे ही अट आपोआप तपासली जाते.

मुलाखतीत सर्व्हर बाळगल्याचे कौतुक फार टिकत नाही. काय बिघडले, कसे कळले, आधी काय तपासले, हे विचारले जाते. त्यासाठी पहिल्या दिवसापासून नोंदवही ठेवावी: तारीख, बदल, बिघाड, उपाय, लागलेला वेळ. ‘रात्री ११ ला अपडेट केले, फाइल सर्व्हर उठला नाही, स्नॅपशॉटवर परत गेलो, २० मिनिटे’ एवढी एक ओळ रेझ्युमेतल्या दहा तांत्रिक शब्दांपेक्षा जास्त बोलते. पालकांनी मात्र एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. या नोकऱ्यांत सुरुवातीची वर्षे बरेचदा फिरत्या पाळ्यांची असतात. गणपतीच्या दिवसांतही कोणीतरी रात्रपाळीला असतेच.

नोकरी लागली की मूल घर सोडते आणि सर्व्हर कपाटावर राहतो. घरचा डेटा झेडएफएसवर ठेवला असेल, तर ती डिस्क काढून विंडोजच्या लॅपटॉपला लावली तरी थेट उघडत नाही, म्हणून जाण्यापूर्वी घरच्या सगळ्या फोटोंची एक प्रत विंडोजला वाचता येईल अशा साध्या डिस्कवर करून आईवडिलांच्या हाती द्यावी. सोबत एक पानभर सूचना: कोणता दिवा हिरवा असायला हवा, वीज परत आल्यावर कोणते बटण किती सेकंद दाबायचे, कोणती वायर कधीही काढायची नाही. कंपनीत याच कागदाला रनबुक म्हणतात. तो वडिलांना वाचायला देऊन, स्वतः दुसऱ्या खोलीत बसून, त्यांच्याकडून सर्व्हर एकदा बंद-चालू करून घ्यावा. जिथे ते हाक मारतील ती ओळ नव्याने लिहावी आणि मग कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा.